'सामना' आणि आम्ही ऊसवाले

'कल्ट' ह्या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द सापडत नाही. 'पंथ' म्हणावे तर गंध, माळ आणि गुरुमंत्र आठवतात. 'वेड' म्हणावे तर त्यातली शिस्त हरवते. कारण अशा चित्रपटांच्या भक्तांना शिस्त असते, विधी असतात, आणि आपण बहुसंख्य नाही ह्याचा थोडा गर्वही असतो. १९७५ साली 'रॉकी हॉरर पिक्चर शो' नावाचा एक चमत्कारिक संगीतपट आला आणि पडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहाने त्याचे मध्यरात्रीचे खेळ लावले. तिथे हळूहळू असा रिवाज पडला की पडद्यावर लग्न लागले की प्रेक्षकांनी तांदूळ उधळायचे. अक्षता टाकायला साहेबाला कोणी शिकवले, देव जाणे! आपल्याकडे कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ साली पूर्ण झाला आणि चित्रपटगृहांत लागायला २०१४ उजाडले. मधली पंचवीस वर्षे तो पुसट होत गेलेल्या कॅसेटींवर जगला. काही कळले नाही असे सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही परमानंद असे.

आमच्या मुलखातही असा एक चित्रपट आहे. मात्र त्याचा पंथ उलट्या चालीचा आहे. बाकीच्या पंथांत माणसे चित्रपट वीसवीस वेळा पाहतात. आमच्या पंथातल्या बहुतेकांनी तो एकदाही धड पाहिलेला नाही. तरीही त्यातला एक प्रश्न सगळ्यांना तोंडपाठ आहे. चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचा 'सामना'. प्रश्न म्हणजे मारुती कांबळेचे काय झाले, हा.

आमचे गाव वडगाव रासाई. शिरूर तालुक्याच्या पूर्व अंगाला, भीमेच्या काठी. रासाई देवीवरून गावाला नाव मिळाले. नदीपलीकडे दौंड तालुका. अलीकडे ऊस, पलीकडे ऊस, मध्ये भीमा. तालुक्यात घोडगंगा कारखाना न्हावऱ्याला, पलीकडे भीमा कारखाना पाटसला, आणि दौंडच्या बाजूला गुऱ्हाळे इतकी की हंगामात त्या अंगाने वारा आला की काकवीचा वास येतो. अलीकडे ह्या उसात बिबटेही राहू लागले आहेत. तो विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, म्हणून इथेच सोडतो. सांगायचे एवढेच की 'सामना'तला साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटील हा मुंबईच्या समीक्षकाला 'ग्रामीण सत्तेचे प्रतीक' वाटत असेल, आम्हांला तो शेजारी वाटतो. प्रतीकाशी वाद घालता येतो. शेजाऱ्याच्या घरी लग्नाला जावे लागते.

आता योगायोग पाहा. हा चित्रपट ज्याने केला तो माणूसही ह्याच उसातला म्हणायला हरकत नाही. जब्बार पटेल जन्माने पंढरपूरचे, शाळेने सोलापूरचे, वैद्यकीय शिक्षणाने पुण्याचे. पण बालरोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी दवाखाना थाटला तो दौंडला. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. दक्षिणेकडे जाणारी आणि मनमाडकडे वळणारी गाडी इथूनच जाणार. पुण्यात 'घाशीराम कोतवाल'सारखे नाटक १९७२ साली उभे करणारा दिग्दर्शक आणि दौंडला पोरांच्या छातीला नळी लावणारा डॉक्टर हे एकच गृहस्थ होते, हे लक्षात घेतल्याशिवाय 'सामना'ची तब्येत कळत नाही असे आमचे मत आहे. तसल्या दवाखान्याच्या बाकावर कोण बसत असणार? तोडीवरून आलेली, मांडीवर तापलेले पोर घेतलेली बाई. तिच्या शेजारी कारखान्याच्या कामगाराची बायको. आणि रांग मोडून आत जाऊ पाहणारे एखाद्या बड्या घरचे नातवंड. ग्रामीण महाराष्ट्राचा समाजशास्त्रीय अभ्यास ह्याहून स्वस्तात होत नाही.

श्रेयनामावलीकडेही थोडे वैद्यकीय नजरेने पाहण्यासारखे आहे. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ. मास्तर झालेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि टांझानियात व्यवसाय करून १९६९ साली त्यांनी तो सोडला आणि पूर्णवेळ नट झाले. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. हिंदूराव झालेले नीळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले, आणि त्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. म्हणजे तिथेही वैद्यक सुटले नाही! निर्माते रामदास फुटाणे मूळ जामखेडचे, पेशाने चित्रकला-शिक्षक. ते पुढे वात्रटिकाकार म्हणून घराघरांत पोचले. पण एका शिक्षकाने चित्रपट काढायचा, तोही साखर कारखानदारीवर, तोही महाराष्ट्रात आणि तोही १९७४ साली, हीच मुळात सर्वांत मोठी वात्रटिका होती. संगीत भास्कर चंदावरकरांचे, गीतांमध्ये आरती प्रभू, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेला गेला. आमच्या गावातून त्या काळी मुंबईला जाणेही मोठी गोष्ट होती. तेव्हा बर्लिनला आपल्या उसाची गोष्ट पाहिली गेली, ह्याचे अप्रूप आम्हांला आजही वाटते.

ह्यांतल्या डॉक्टर मंडळींचा चरितार्थ सिनेमावर अवलंबून नव्हता, किंवा सुरुवातीला तरी नव्हता. चाकोरीबाहेरचे चित्रपट काढणाऱ्यांविषयी लिहिताना आपण त्यांच्या धाडसाविषयी भरभरून बोलतो. त्यांच्या पोटापाण्याविषयी बोलत नाही. ते बोलायला हवे. विशेषतः 'सामना'च्या बाबतीत. कारण पोट कोणाच्या हातात आहे आणि म्हणून तोंड कोणाचे बंद आहे, हाच त्या चित्रपटाचा विषय आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. हिंदूरावाच्या राज्यात एक म्हातारा, दारुडा मास्तर येऊन पडतो. कधी काळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला, आता कोणाच्याच खिजगणतीत नसलेला. हिंदूरावाला हा प्राणी मजेशीर वाटतो. तो त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य हिंडवून दाखवतो. आणि ह्या पाहुणचारात मास्तरांच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. हा माणूस होता, आता नाही. कुठे गेला हे कोणी सांगत नाही. मास्तर विचारू लागतात. विचारत राहतात. बस, एवढेच. शेवटी हिंदूरावाचे साम्राज्य ढासळते ते ह्या एका प्रश्नाच्या टोचणीने.

हा प्रश्न चित्रपटातून बाहेर पडला आणि महाराष्ट्राच्या बोलण्यात राहायला आला. विधिमंडळापासून चावडीपर्यंत तो विचारला गेला, भिंतींवर लिहिला गेला, अग्रलेखांचे मथळे झाला. इथपर्यंत ठीक. पण आमच्या भागात त्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. इथे तो विनोद झाला. क्रिकेटच्या संघातून एखादा पोरगा गळाला की त्याच्यासाठी हा प्रश्न. मळ्यातली मोटर चोरीला गेली की मोटरीसाठी. निवडणुकीत एक पॅनेल दुसऱ्याला तो विचारते, सत्तांतर झाले की दुसरे पहिल्याला. ज्यांच्या विरुद्ध तो रचला गेला त्यांनीच तो आपल्या भाषणात पेरावा आणि टाळ्या घ्याव्यात, हे आम्ही मंडपात बसून ऐकले आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचेही हात होते. प्रश्न पाठ झाला की उत्तर शोधण्याची निकड संपते. आमच्या पंथाचे गुपित हे आहे.

दुसरे भूत नकलाकारांनी उभे केले. नीळूभाऊंच्या नावावर वाड्यावर बोलावण्याचे एक वाक्य खपवले जाते. गॅदरिंगपासून मोबाइलच्या चित्रफितींपर्यंत ते सर्वत्र ऐकू येते. ह्या वाक्याने एका मोठ्या नटाला डोळा मिचकावणाऱ्या रंगेल पाटलाच्या आकाराएवढा करून टाकले. 'सामना'तला हिंदूराव पाहिला की हा अन्याय केवढा आहे ते कळते. हा हिंदूराव आवाज चढवत नाही. त्याला चढवावा लागतच नाही. तो मास्तरांना आपली उभारणी दाखवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत मग्रुरीबरोबर एक आर्जव आहे: बघा ना, मी हे केले. ओसाड माळाचे त्याने काहीतरी केलेले आहे, आणि ते खरे आहे. तेंडुलकरांनी त्याला हे श्रेय नाकारलेले नाही. आपल्याला न भिणारा एक तरी माणूस आपल्या कर्तृत्वाचा साक्षीदार असावा, ही त्याची भूक आहे. ज्याला सगळे गाव भिते त्याला गावातल्या कोणाचीच दाद पुरत नाही. म्हणून त्याला मास्तर लागतो. हिंदूराव जो बुडतो तो ह्या भुकेपायी.

आणि मास्तर? तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ज्याच्याबद्दल तो विचारतो आहे त्या खुनाचे जेवण आणि त्या खुनाची दारू त्याच्याच पोटात आहे. लागूंनी हा ओशाळेपणा अंगभर खेळवला आहे; झोकांड्या जाणाऱ्या पायांत, पेल्याकडे न पाहता पेला शोधणाऱ्या बोटांत. ताठ कण्याचा क्रांतिकारक हिंदूरावाला आटोक्यात ठेवता आला असता. मिंध्या माणसाचा प्रश्न त्याला पेलत नाही.

इथे त्याच सुमाराचा दुसरा चित्रपट आठवतो. श्याम बेनेगल यांचा 'निशांत', १९७५ सालचा. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, आणि तिथेही एक मास्तरच. त्याची बायको जमीनदाराची माणसे पळवून नेतात, आणि शेवटी तो गाव पेटवतो. पेटलेले गाव मग कोणाचेच राहत नाही; अपराधी आणि निरपराध एकाच झपाट्यात सापडतात. एकाच लेखकाने एकाच काळात दोन मास्तरांना दोन वाटांनी पाठवून पाहिले. चित्रभाषेच्या दृष्टीने 'निशांत' सरस आहे, ह्याबद्दल आम्ही वाद घालणार नाही. 'सामना' काही ठिकाणी नाटकाच्या विंगेतून अजून पुरता बाहेर आलेला नाही. गाणी आणि तमाशा बाजाराच्या सोयीने आलेत असे वाटते. पण 'निशांत' पाहून आम्ही हळहळलो, 'सामना' पाहून खजील झालो. हा फरक कलामूल्याचा नाही, पत्त्याचा आहे.

खजील का, हे ऊस न लावणाऱ्या वाचकाला थोडे उलगडून सांगायला हवे.

ऊस हे वाट पाहण्याचे पीक आहे. आडसाली लागण केली तर सोळा-अठरा महिने रानात उभे. एवढ्या महिन्यांचे पाणी, खत, खुरपणी आणि सोसायटीचे कर्ज त्या एका फडात उभे असते. तो पिकून तयार झाला की वेळेत तुटला पाहिजे. नाही तुटला तर तुरा येतो, ऊस आतून पोकळ होत जातो, वजन घटते. आणि तुटला तरी धोका संपत नाही. तोडलेला ऊस तासातासाने वाळतो, म्हणून तो दिवसभराच्या आत गव्हाणीत पडलेला बरा. म्हणजे दीड वर्षाची कमाई कोणत्या आठवड्यात तोड मिळते ह्यावर ठरते. तोड मिळते कारखान्याच्या कार्यक्रमाने. तो कार्यक्रम फडावर येतो चिटबॉयच्या हातातल्या चिठ्ठीतून. मग मुकादम, मग टोळी, मग गाड्या, मग काटा. ह्या साखळीतल्या कोणत्याही कडीवर कोणी नुसता उशीर केला तरी शेतकरी जेरीस येतो. मारायची, धमकी द्यायची गरज नसते. 'पुढच्या आठवड्यात बघू' एवढे वाक्य पुरते.

हे आम्ही कोणा एका कारखान्याविषयी म्हणत नाही. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तो सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून. तो बऱ्याच प्रमाणात सुटलाही. आमच्या घरातली पक्की भिंत, पहिली सायकल, शहरातली शिक्षणे, हे सगळे ऊस-बिलातून आलेले आहे. ते विसरून साखरेवर लिहिणे कृतघ्नपणाचे होईल. पण ज्या हाताने बिल निघते तोच हात तोड लांबवू शकतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या घशात प्रश्न अडकतो. हे घसे कान-नाक-घशाच्या डॉक्टरलाही उघडता येणारे नव्हते. म्हणून चित्रपटात प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस आणावा लागला. ज्याच्याजवळ गुंठाभरही ऊस नाही असा.

गेल्या नवरात्रात आम्ही चार-पाच मित्रांनी 'सामना' गावात दाखवायचे ठरवले. चित्रपटाला पन्नास वर्षे झाली होती, एवढे निमित्त पुरे होते. पूर्वी आमच्या पट्ट्यात जत्रांना तंबूतले सिनेमे यायचे. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार', कधी संतपट, आणि जमिनीवर बसून समोर मान वर करून बघणारे आम्ही. त्या फिरत्या टॉकीजच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा सुंदर अनुबोधपट केला, २०१६ साली तो कान महोत्सवात गाजला. गंजलेली प्रक्षेपणयंत्रे आणि ती जिवापाड जपणारी माणसे त्यात पाहिली की पोटात तुटते. आमच्याजवळ तंबू नव्हता, भाड्याचा प्रोजेक्टर होता, एक पांढरे कापड होते आणि मंडपाच्या कंत्राटदाराने उसना दिलेला भोंगा.

पहिला तास नीळूभाऊंचा झाला. त्यांचा प्रवेश झाला तसा पोरांनी शिट्ट्यांचा पाऊस पाडला. दोघातिघांनी मोबाइल वर धरून चित्रण सुरू केले; ते वाड्याच्या वाक्याची वाट पाहत होते हे उघड होते. ते काही येईना. मग चुळबुळ. चित्रपट कृष्णधवल, आवाज खरखरीत, गती १९७४ सालची. काही उठले. मागे पाचपन्नास माणसे उरली, त्यांत बायका बऱ्याच. आणि एका कडेला, मंडपाच्या दोरीला धरून, वस्तीवरची दहाबारा माणसे. 'वस्ती' म्हणजे काय आणि तिथली माणसे मंडपाच्या कडेलाच का, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. कांबळे हे आडनाव ऐकल्यावर ते गावाच्या कोणत्या दिशेला राहते हे आमच्यातल्या लहान पोरालाही कळते. तेंडुलकरांनी ते आडनाव उगाच निवडलेले नाही. आणि गंमत अशी की पन्नास वर्षे तो प्रश्न विनोदाने विचारताना आम्ही नावातले 'मारुती' ऐकत आलो, 'कांबळे' ऐकले नाही.

चित्रपट संपला. आम्ही आपले हौसेने माईक घेऊन चर्चा सुरू केली. शहरात चित्रपट-मंडळांत करतात तशी. हिंदूराव चांगला की वाईट? एका निवृत्त कामगाराने हिंदूरावाची बाजू चांगली मांडली: माणूस मारला हे वाईट, पण कारखाना चालवायचा म्हणजे सोपे नसते. एक चुलती म्हणाल्या, दारू पाजून माणूस घरात ठेवला तर घरातल्या बाईला काय वाटत असेल ते कुणी इचारलं नाही. हा मुद्दा आमच्या वाचनात आलेल्या कोणत्याही समीक्षणात नाही, आणि तो बिनतोड आहे. दोरीला धरून उभ्या असलेल्यांतल्या एका आजोबांना आम्ही माईक दिला. त्यांनी तो घेतला नाही. नुसतेच म्हणाले,

"मास्तरला काय, त्याला यष्टी हाय."

हशा पिकला. आम्हीही हसलो. मग थोडा वेळ कोणी बोलले नाही.

चित्रपटावर पन्नास वर्षांत बरेच लिहिले गेले आहे; त्यातले मिळेल तेवढे आम्ही वाचले आहे. सत्ता आणि नैतिकता, गांधीवादाचा पराभव, सहकारातील सरंजामशाही असे बरेच काही. ह्या पाच शब्दांनी त्या सगळ्याखालची जमीन दाखवली. मास्तर विचारू शकतात, कारण ते उद्या जाऊ शकतात. राहणाऱ्याला विचारता येत नाही. ज्यांना विचारण्याचा पहिला हक्क होता, म्हणजे मारुतीच्या वस्तीतले लोक, ते चित्रपटभर जवळजवळ मुके आहेत. आणि हे चित्रपटाचे वैगुण्य म्हणावे की त्याचे सत्य, ह्याचा निर्णय त्या रात्री आमच्यात लागला नाही. आमच्यातला एक म्हणाला, वैगुण्य. तेंडुलकर शहरातले होते, त्यांना बाहेरचाच माणूस सुचणार. दुसरा म्हणाला, अरे, आजच्या मंडपात तरी माईक कोणी घेतला? आम्हांला दुसऱ्याचे म्हणणे अधिक पटते, पण पहिल्याचे पुसून टाकता येत नाही.

'फँड्री' २०१३ साली आला तेव्हा शेवटच्या दृश्यात पडद्यावरून प्रेक्षकाच्या दिशेने दगड येतो. तो दगड मारणाऱ्या जब्याला एसटी नाही. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, म्हणजे आमच्याच भीमेच्या खोऱ्यातले. 'सामना'ला जे जमले नाही किंवा ज्यापाशी तो थांबला, ते करायला आणखी चार दशके आणि वस्तीत वाढलेला दिग्दर्शक लागला. पण ह्या दोन चित्रपटांची तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आजोबांचे वाक्य डोक्यात ठेवून पुन्हा त्या श्रेयनामावलीकडे पाहिले तेव्हा मात्र चित्र थोडे बदलले. ही मंडळी मास्तरांसारखी प्रश्न टाकून एसटीने निघून गेली का? दौंडचा डॉक्टर तर उसातच दवाखाना मांडून बसला होता. 'सामना' लागला त्या दिवसांतही बाकावर तेच रुग्ण, रस्त्यावर त्याच गाड्या. त्यानंतर 'जैत रे जैत' (१९७७), 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२) असे चित्रपट त्यांनी केले, आणि २००२ पासून भरणाऱ्या पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा गाडाही ओढला. फुटाण्यांनी 'सर्वसाक्षी' काढून अंधश्रद्धेला हात घातला. आणि पडद्यावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले लागू आणि नीळू फुले पुढे एका गाडीत बसून गावोगाव हिंडले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, नरेंद्र दाभोलकर आदी मंडळींबरोबर, 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत. तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मिळावे म्हणून तो पैसा होता. ज्यांना एसटी नाही अशा माणसांसाठीचा, असे आम्ही आता म्हणू. हिंदूरावाला पाहून बोटे मोडणाऱ्या आमच्या आज्यांना हे कोणी सांगितले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. नीळूभाऊ २००९ साली गेले, डॉक्टर लागू २०१९ साली.

चाकोरीबाहेरच्या चित्रपटांवर प्रेम करणारे बहुधा त्यांच्या विक्षिप्तपणावर प्रेम करतात: न कळणारी दृश्ये, वेडे संवाद, पडेल नशीब. आम्हीही करतो, 'ओम दर-ब-दर' आम्ही दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा बेडूक सोडून काही कळले नाही, तरी मजा आली. 'सामना'त विक्षिप्त असे काहीच नाही. एक माणूस साधा प्रश्न विचारतो, बास. तो चित्रपट विक्षिप्त ठरला तो आमच्यामुळे. इतका साधा प्रश्न विचारणे जिथे वेडेपणा समजला जातो अशा गावांमुळे.

प्रोजेक्टर परत करायला आणखी एक दिवस होता. म्हणून दुसऱ्या रात्री 'सिंहासन' लावायचे ठरले. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, मुंबईच्या मंत्रालयातला. वायरी गुंडाळत असताना कालचे आजोबा दोरीपाशीच उभे होते. त्यांनी विचारले, "उद्याच्यात पण नीळूभाऊ पाटीलच का?" आम्ही सांगितले, नाही, उद्या ते पत्रकार आहेत, दिगू टिपणीस, सगळे बघतात आणि शेवटी त्यांना वेड लागायची पाळी येते. आजोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग येतो. पण पुढं बसणार."